मोरूभाईंच्या पिकअपचं दार

मोरूभाईंना घाईत असलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांना जागचं हलताही येत नव्हतं. एरवी घाई आणि ते यांचं कधी जमलंच नाही. झाई गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून. मधे कंबरेइतकी दगडी भिंत. माझं शिवणाचं मशीन खिडकीशी, खिडकीसमोर त्यांचं अंगण आणि अंगणात त्यांची पांढरी पिकअप. त्यामुळे हात ब्लाउजवर असला तरी माझा एक डोळा तिकडे असायचाच. चोंबडेपणा म्हणायचं तर म्हणा. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईला दुसरी करमणूक तरी काय असते?

माणूस धिप्पाड, आवाज तीन वाड्या पलीकडे जाणारा. स्वतःच्या आणि लोकांच्या वाडीतला चिकू, मिरची, वांगी घेऊन डहाणू, तलासरी, कधी वापी अशा त्यांच्या फेऱ्या चालायच्या. वापीच्या व्यापाऱ्याशी गुजराती, वाडीतल्या मजुरांशी वारली, तलाठ्याच्या ऑफिसात एकदम छापील मराठी. शिव्या मात्र फक्त हिंदीत. मी एकदा विचारलं, "भाई, आपल्या मराठीत काय शिव्या कमी आहेत का?" तर म्हणाले, "सुलूबाय, आपल्या भाषेतली शिवी माणसाला लागते. हिंदीतली नुसती ऐकू येते. मला काय कुणाला लागू द्यायचंय थोडंच."

कोसबाडच्या एका लग्नाची भांडी त्यांनी गाडीत भरून नेली, तेव्हाची गोष्ट सगळ्या आळीला पाठ आहे. रेल्वेचं फाटक लागलं. फाटक उघडलं, पुढच्या गाड्या गेल्या, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, आणि हे आपले ताडगोळे सोलून खातायत. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या बापाच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, मुहूर्त टळेल." मोरूभाईंनी आणखी एक ताडगोळा सोलून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "घाई होती तर काल निघायचं. आणि मुहूर्त कसा टळेल? भटजी मागे टोपांत बसलेत. ते पोचल्याशिवाय लग्न कुणाचं लागतंय?" तो माणूस मागे वळून बघतो तर खरंच भटजी, सोवळं सांभाळत, मोठ्या पातेल्याला टेकून बसलेले.

गाडीवर जीव असा की नलूवहिनी म्हणायच्या, माझी सवत पांढरी आहे. नलूवहिनी म्हणजे त्यांची बायको. काटक, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकी बोलणारी. दर वर्षी नवं भात घरात आलं की मोरूभाई त्यातलं मूठभर गाडीला द्यायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी हा वाटा बैलांचा असायचा. ज्याने राबून धान्य घरी आणलं, त्याने ते आधी खायचं, अशी त्यांच्या घरची रीत. बैल गेले, पिकअप आली, रीत राहिली. पण प्रश्न असा पडला की गाडीचं तोंड कुठं? बॉनेटमध्ये टाकलं तर जळेल, डिझेलच्या टाकीत टाकलं तर गाडीच मरेल. शेवटी मोरूभाईंनी ठरवलं की ड्रायव्हरच्या दारात काच जिथून खाली जाते ती फट म्हणजे तोंड. दर वर्षी हळद-कुंकू लावून तिथून मूठभर भात आत सोडायचं. मी हसले की रागवायचे. "हस तू. रोज कमावते कोण, तू का ती?"

दोन हजार चौदाच्या दिवाळीआधी त्यांना झटका आला. सकाळी दात घासताना खाली कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तीन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसाला "पाणी" म्हणता येईना. दवाखान्यात डॉक्टर नाव विचारत होते आणि ह्यांच्या घशातून नुसतं "अ… अ…" येत होतं. वहिनी खांबाला धरून उभ्या होत्या. तेवढ्यात नर्सने सुई टोचली आणि मोरूभाईंच्या तोंडून एक अख्खी हिंदी शिवी निघाली. आई-बहिणीसकट, व्याकरणशुद्ध. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. वहिनी मात्र खांब सोडून खाली बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. पुढे शब्द थोडे थोडे परत आले. हो, नाय, चल, ती, जाऊ दे, असे दहा-पाच. त्यातच संसार. शिव्या मात्र सगळ्याच्या सगळ्या शाबूत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांना एक भय बसलं. वहिनी डोळ्यांआड झाल्या की ओरडायचे. न्हाणीत गेल्या तरी हाक, विहिरीवर गेल्या तरी हाक. नाव नीट येत नव्हतं, म्हणून नुसताच आवाज, आडात पडलेल्या माणसासारखा. मी म्हटलं, मी बसते त्यांच्याजवळ, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. बसले एकदा. वहिनी फाटकाबाहेर गेल्या नाहीत तोच ह्यांनी डाव्या हाताने पाट उचलून भिंतीवर मारला. वहिनी परत आल्या. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्या बाईने झाईची बससुद्धा पाहिली नाही.

सुटका झाली ती पिकअपमुळेच. एका दुपारी मोरूभाईंनी हट्ट धरला, गाडीत बसायचं. वहिनींनी आणि मी धरून कसंबसं चढवलं, उजवा पाय उचलून आत ठेवला, दार लावलं. आणि माणूस शांत झाला. डावा हात स्टिअरिंगवर, नजर समोर. वहिनी घरात गेल्या, तरी हाक नाही. मागच्या पडवीत गेल्या, तरी नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोज चारच्या सुमाराला चहा झाला की गाडीत बसायचं आणि उन्हं उतरली की उतरायचं, असं ठरूनच गेलं.

आणि वहिनी त्या वेळात बसने बोर्डीला जायच्या. त्यांना सांगायच्या, "मी मागे पडवीत आहे." समुद्रावर सुरूच्या झाडाखाली बसायच्या आणि परतीच्या बसने यायच्या. एवढंच. ना देऊळ, ना बाजार, ना कुणाकडे जाणं. मी विचारलं, "करता काय तिथं?" म्हणाल्या, "काही नाही. तिथं मला कुणी हाक मारत नाही." तोवर मी मागच्या मागे लक्ष ठेवायचे. हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

मुलगा नितीन उंबरगावला कंपनीत होता. सकाळी मोटरसायकलने जायचा, दिवेलागणीला यायचा. वाईट मुलगा नव्हे, पण आईबापाच्या काळजीने सगळ्यांच्या डोक्यावर बसणारा. त्याला गाडी विकायची होती. गंजत चाललीय, बाबा चढताना पडतील, उगाच कशाला अंगणात लोढणं. तलासरीचं एक गिऱ्हाईक त्याने आणलंही. त्या दिवशी मोरूभाई आतच बसून राहिले. गिऱ्हाइकाने दार उघडलं की हे डाव्या हाताने ओढून बंद करायचे. त्याने पुन्हा उघडलं, ह्यांनी पुन्हा ओढलं. शेवटी तो बिचारा म्हणाला, "गाडी चांगली आहे हो, पण काकांसकट मला नको."

नितीन चिडला. बॅटरी काढून ठेवली, म्हणजे चुकून चालू नको व्हायला. टायरमधली हवा तर केव्हाच बसली होती. गाडीची डावी बाजू आमच्या मधल्या भिंतीला चिकटलेली, तिकडचं दार वीतभरसुद्धा उघडायचं नाही. नितीन आईला म्हणाला, "बसू दे त्यांना. पण एक सांगून ठेवतो. ज्या दिवशी बाबा आत अडकले किंवा पडले आणि त्यांना काढायला माणसं बोलवावी लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ही गाडी भंगारात. मग मी कुणाचं ऐकणार नाही." वहिनी हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

ते झालं सतरा सालच्या मे महिन्यात. वहिनी बोर्डीहून परतल्या, गाडीचं दार उघडायला गेल्या आणि ते उघडेना. बाहेरचं हँडल नुसतंच वर-खाली. आतून मोरूभाईंनी ओढलं, तरी नाही. काच चार बोटं उघडी होती आणि तिथेच अडकलेली. काच फिरवायचं हँडल गरगर फिरायचं, काच हलायची नाही. मागच्या काचेला माल लागू नये म्हणून लोखंडी गज. पत्रा तापलेला. दुपारभर आत बसलेला माणूस घामाने निथळत होता. थोडा वेळ ते हँडल ओढत राहिले, मग डाव्या पंजाने काचेवर थापा मारायला लागले, आणि मग तो आवाज. मी भिंतीवरून उडी मारून गेले. चाळिशी उलटल्यावर बायकांनी भिंतीवरून उड्या मारू नयेत, गुडघा अजून बोलतो.

मी म्हटलं, "वहिनी, काच फोडू या. दगड घेते."

"नाही."

"अहो, ते शिजतायत आत. डॉक्टरने उन्हाला जपायला सांगितलंय, विसरलात? आळीतल्या पोरांना हाक मारते, ढकलून गाडी पुढे घेतील, डावं दार उघडेल."

"कुणाला हाक मारायची नाही." त्यांनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "दिवे लागले की नितीन येईल. फुटकी काच बघेल. नाहीतर आळीतलं कुणीतरी सांगेल. उद्या गाडी जाईल. सुलू, ही गाडी गेली ना, तर या घरातून मी फक्त आडवी होऊन बाहेर पडेन. बोर्डीचा समुद्र आहे म्हणून मी माणसात आहे. तेवढं चार घटका कुणी हाक मारत नाही म्हणून मी परत येऊन यांचं सगळं हसून करते. नाहीतर मी कधीच वेडी झाले असते."

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की काच चार बोटं उघडी आहे.

आतल्या थापा थांबल्या होत्या. मोरूभाई त्यांच्याकडे बघत होते. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. पडवीत आहे म्हणून सांगणारी बायको रोज बोर्डीला जाते, हे त्या माणसाला आत्ता, असं, घामाच्या धारांत कळलं होतं. मला वाटलं आता शिवी येणार. आली नाही. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि डाव्या हाताने डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मग पश्चिमेला उतरत्या उन्हाकडे बघितलं आणि आम्हाला म्हणाले, "चल… चल." घाई म्हणतात ती हीच.

दाराला आतून जे पॅड असतं, ज्यावर हात टेकवायची जागा असते, ते काढून त्यामागच्या खटक्यापर्यंत पोचायचं, असा त्यांचा बेत होता. गाडीच्या गावाला न गेलेल्या मला ते हळूहळू कळत गेलं. धडधाकट माणसाला ते काम काही मोठं नाही. ह्यांचं दार उजवीकडे आणि चालणारा हात डावा. स्वतःच्याच निर्जीव उजव्या हातावरून ओणवं होऊन एकेक स्क्रू फिरवायचा. हात टेकवायच्या जागेचे दोन निघाले. आतल्या हँडलमागचा एक निघेना, त्याचे आटे गेलेले. मी फटीतून ओलं फडकं आत ढकलत होते, ते तोंडावर पिळून घ्यायचे आणि पुन्हा स्क्रूवर. आता मात्र शिव्या सुरू झाल्या. मला हायसं वाटलं. अखेर तो स्क्रूही उचकटून निघाला.

काच फिरवायचं हँडल मागून एका बारीक तारेच्या क्लिपने धरलेलं असतं. ती निघाल्याशिवाय पॅड सुटत नाही. मोरूभाईंनी माझ्याकडे बघून दोन बोटांनी कापडाची पट्टी दाखवली. मी धावत जाऊन अस्तराची लांब चिंधी आणली. ती हँडलमागून घालून दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढायची, म्हणजे क्लिप निसटते. दोन्ही टोकं धरायला दोन हात लागतात. त्यांनी एक टोक हातात धरलं, दुसरं दातात. आणि ओढायला लागले. मान इकडे, हात तिकडे. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. वहिनींनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "वहिनी, बघा. त्यांना दिसू दे की तुम्ही बघताय." तेव्हा त्या वळल्या आणि काचेला कपाळ लावून उभ्या राहिल्या.

क्लिप उडाली आणि आत कुठेतरी पडली. मग पॅडच्या खालून बोटं घालून हिसका. बटणासारख्या क्लिपा एकामागून एक फटफट सुटल्या. शेवटची तुटली, तिने बोट कापलं. पॅड त्यांच्या मांडीवर आलं. मागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद त्यांनी टराटरा फाडला आणि आतून असा कुबट वास आला की फटीबाहेर उभी राहून मी नाकाला पदर लावला.

दाराच्या पोटात भात होतं. इतक्या वर्षांचं, मूठमूठ घातलेलं. पावसाचं पाणी निघून जायची खालची भोकं त्याने बुजवली होती. खालचं कुजून काळं पडलेलं, काही दाण्यांना कधीतरी मोड येऊन ते वाळून गेलेले. त्यावर उंदराने कापूस, चिंध्या, गवत आणून संसार थाटला होता. ते घरटं खटक्याच्या सळईत गच्च भरलं होतं, काचेच्या खाचेतही तेच. मोरूभाई नुसते बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून खरखर आवाज आला. मी घाबरले. वहिनी म्हणाल्या, "हसतायत."

ओंजळ नव्हती, एक मूठ होती. एकेक मूठ काढून त्यांनी सीटखाली टाकली. सळई मोकळी झाली. ओढली. खट वाजलं, दार तसंच. गंजलं होतं ना. वहिनींनी बाहेरून हँडल धरलं. "मी ओढते, तुम्ही पण ओढा. आता." नाही. "आता." नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पाय चाकाला लावून ओढलं, आणि दार उघडून वहिनी मागच्या मागे अंगणात बसल्या. त्यांच्या पायांवर भात सांडलं. मोरूभाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शिवी दिली, न अडखळता, आणि मग सीटवर मान टाकली.

आम्ही त्यांना उतरवून ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं, बोटाला हळद लावली. तेवढ्यात मोटरसायकल आलीच. नितीनने ओट्यावरचं पॅड पाहिलं. "हे काय?"

"दार नीट करायला काढलंय," वहिनी म्हणाल्या.

"कोणी?"

"तुझ्या बाबांनी."

"एकट्यांनी?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी आणि सुलू नुसत्या उभ्या होतो." आणि ते खोटं तरी कुठं होतं?

नितीन बापाच्या बोटांकडे बघत राहिला. रविवारी तलासरीहून मेकॅनिक घेऊन आला. त्याने खटका साफ केला, काच सोडवली, नव्या क्लिपा लावून पॅड बसवलं. दारातून निघालेलं भात बघून तो मोरूभाईंना म्हणाला, "काका, गाडी खात नाही हो. फक्त पिते." मोरूभाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला चहावर चहा पाजला. आणि गाडी विकायचं नाव नितीनने पुन्हा काढलं नाही.

सगळं गोड झालं असं मीही धरून चालले होते. वहिनी आता उघड सांगून जायच्या, "बोर्डीला जाऊन येते." मोरूभाई मान हलवायचे. चार वाजता गाडीत बसणं चालूच होतं. फक्त माझ्या खिडकीतून गाडी जरा समोरून दिसायची, तिथून मला एक दिसायला लागलं. वहिनी दार लावून गेल्या, त्यांची बस वळणावरून गेली, की मोरूभाई लगेच दार उघडायचे. पूर्ण. उजवा पाय ओढून ओढून दाराशी आणायचे आणि खाली सोडायचे, जमिनीला टेकत नसला तरी. दाराची कड मुठीत धरून बसायचे. स्टिअरिंगला हात नाही, समोर नजर नाही. पूर्वी तिथं बसून गाडी चालवणारा माणूस आता तिथून उतरायच्या तयारीत बसलेला असायचा. असं आठवडे गेले, महिने गेले, वर्ष उलटलं.

एकोणीस साली आम्ही झाई सोडून डहाणूला राहायला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा शिवलेला सदरा द्यायला मी गेले. वहिनी बोर्डीला गेल्या होत्या. मोरूभाई गाडीत तसेच, दार उघडं, पाय बाहेर. जवळ गेले तर शर्ट पाठीला चिकटलेला. ऊन नव्हतं, ढगाळ होतं.

मी म्हटलं, "भाई, भीती वाटते ना तुम्हाला इथं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायला लागतात तेवढे शब्द त्यांच्याकडे उरले नव्हते. "हो," म्हणाले.

"मग कशाला बसता? घरात बसा. मी सांगते वहिनींना."

"नाय." एकदम मोठ्याने. मग रस्त्याच्या दिशेने हनुवटी केली. "ती… ती… जाते." पुढचा शब्द शोधत राहिले. तो सापडेपर्यंत मी थांबले, कारण त्यांच्याशी बोलताना दुसरं काही करताच येत नाही. "जाऊ दे," म्हणाले.

मला त्यांचा राग आला. दोन वर्षं हा माणूस रोज दुपारी स्वतःला त्या डब्यात घालून घेत होता, आणि कुणाला कळू देत नव्हता. आणि राग येता येताच मला रडू आलं, म्हणून मी सदऱ्याची घडी उगाच मोडून पुन्हा घातली.

वळणावर बस थांबल्याचा आवाज आला. मोरूभाईंनी तो माझ्या आधी ऐकला. दाराची कड सोडली, डाव्या हाताने पँटला धरून पाय आत ओढला. तो दोनदा अडकला. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो ढकलला. मग अंगावरून ओणवं होऊन हँडल पकडलं, डोळे घट्ट मिटले आणि दार ओढून घेतलं. खटका लागला. त्यांनी हात स्टिअरिंगवर ठेवला आणि समोर बघायला लागले.

वहिनी फाटकातून आल्या. पायाला वाळू, चेहरा धुतल्यासारखा मोकळा. गाडीशी येऊन काचेतून वाकून त्यांनी विचारलं, "आले हो. उतरायचं, की बसायचंय अजून थोडं?"

मोरूभाई हसले. म्हणाले, "थोडं."